इंग्रजीच्या तासाला मुलांना वाचू द्या

प्रति,
इंग्रजी अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,
तसेच सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणारे सहकारी शिक्षक

विषय: पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीत वाचन शिकवण्याबाबत

स. न. वि. वि.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना इंग्रजी येतच नाही, असं आपल्या स्टाफरूममध्ये रोज बोललं जातं. ते खरं नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. जत, आटपाडी, माण, खटावच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलामुलींनीही बारा वर्षं हा विषय अभ्यासलेला असतो. मोबाइलवरचे संदेश, फॉर्मवरच्या सूचना, सामन्याचं धावतं वर्णन त्यांना कळतं. सोप्या भाषेतली गोष्ट दिली तर बरीच मुलं ती शेवटापर्यंत नेतात. भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीत ज्याला बी-1 म्हणतात, त्या मधल्या पायरीच्या आसपास ती उभी असतात. अडतात ती नेमकी पुढच्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या विषयाच्या इंग्रजी पुस्तकाचं एक पान समोर आल्यावर.

अर्थशास्त्राचं, वनस्पतिशास्त्राचं किंवा व्यवस्थापनाचं कुठलंही पान घ्या आणि मुलं ते कशी वाचतात हे शेजारी बसून बघा. पहिल्या ओळीतले तीन शब्द अडतात, त्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला जातो. दुसऱ्या ओळीत आणखी दोन. तिसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचेतो पहिल्या वाक्यात काय म्हटलं होतं हे मनातून निसटलेलं असतं. परिच्छेद संपतो तेव्हा पानावर वीस अर्थ लिहिलेले असतात आणि लेखकाचं म्हणणं कुठेच सापडत नाही. मग पुस्तक मिटतं आणि गाइड उघडतं. हे आळसामुळे होत नाही. एवढी मेहनत करूनही हाती काही लागलं नाही म्हणून होतं, आणि ते बघताना जीव तुटतो.

आपल्या तासाला काय होतं? आपण पाठ मोठ्याने वाचतो, वाक्यावाक्याचा मराठीत अर्थ सांगतो, कठीण शब्द फळ्यावर लिहितो, शेवटी नोट्स देतो. मुलं ऐकतात आणि उतरवून घेतात. तास संपतो तेव्हा वाचन झालेलं असतं ते शिक्षकाचं. दोन श्रेयांकांच्या पेपरला एका सत्रात तीस तास मिळतात. त्या तीस तासांत एखाद्या विद्यार्थिनीने स्वतः, मनातल्या मनात, सलग किती मिनिटं इंग्रजी वाचलं याचा हिशेब कुणीतरी मांडून बघावा. पोर्शन संपवायचा असतो, वर्गात शंभर मुलं असतात, निकालाचं दडपण असतं, हे सगळं मला ठाऊक आहे. पण आमच्या तासगावकडे द्राक्षबागेची छाटणी शिकायची तर हातात कात्री घ्यावी लागते, बांधावर उभं राहून कुणी छाटणी शिकत नाही. वाचनाचंही तसंच आहे.

आपली प्रश्नपत्रिका हा प्रकार झाकून ठेवते. उदाहरणादाखल मी एक वाक्य देते: ‘टिमक्याने काल खोरव्यात तीन झुबळे लिपकले.’ आता प्रश्न: टिमक्याने किती झुबळे लिपकले? कुठे लिपकले? केव्हा लिपकले? तीनही प्रश्नांना तुम्ही पूर्ण गुण मिळवाल, आणि या वाक्याला काही अर्थच नाही. उताऱ्यावरचे आपले निम्म्याहून अधिक प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तिथलं वाक्य उचलून लिहायचं. या कौशल्यात आपली मुलं तरबेज आहेत, कारण आठवीपासून त्यांची परीक्षा याच कौशल्याची होते. त्यांना मिळालेले गुण बघून आपण समजतो की उतारा कळला.

आता शब्दांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण अभ्यासक्रमाची निवड इथेच चुकते आहे असं माझं स्पष्ट मत आहे. परभाषेतला मजकूर मदतीशिवाय, समाधानकारकपणे समजायचा असेल तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. पंचाण्णव टक्क्यांवर कसंबसं भागतं. हे आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण पानावर उतरवले की फरक दिसतो. तीनशे शब्दांच्या पानात 98 टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, 95 टक्के म्हणजे पंधरा. आपल्या मुलांना एका पानात तीस-चाळीस शब्द अडतात. एवढ्या भोकांतून अर्थ गळून जाणारच. तिथे ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ असं सांगणं अन्यायाचं आहे, कारण ज्यावरून ओळखायचं तो संदर्भच त्यांच्या हाती नसतो.

मग कुठले शब्द आधी शिकवायचे? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली वेगवेगळ्या विद्याशाखांचं लेखन तपासून 570 शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब होतं. अनलाइझ, अझ्यूम, कॉन्सिक्वेन्स, डिस्ट्रिब्यूट, सिग्निफिकंट, पॉलिसी अशी ती कुटुंबं आहेत. कुठल्याच एका विषयाची ती मिरास नाहीत, पण प्रत्येक विषयाच्या पुस्तकात ती भेटतात. शैक्षणिक मजकुरातले सुमारे दहा टक्के शब्द या यादीतले असतात. त्याच अभ्यासात कथा-कादंबऱ्यांची तपासणी केली तेव्हा हेच प्रमाण जेमतेम 1.4 टक्के भरलं. आपलं आवश्यक इंग्रजीचं पाठ्यपुस्तक मुख्यतः कथा, कविता आणि ललित निबंधांचं असतं. म्हणजे ज्या शब्दांवाचून मुलं त्यांच्या विषयाच्या पानावर अडतात, ते शब्द त्यांना आपल्या पुस्तकात क्वचितच भेटतात. साहित्य शिकवू नये असं मी म्हणत नाही. साहित्यावर माझं प्रेम आहे म्हणून तर मी या विषयाकडे आले. पण वाणिज्य शाखेच्या मुलाला वर्षभर कविता समजावून सांगायच्या आणि हिशेब तपासणीच्या पुस्तकाचं पान त्याने आपलं आपण वाचावं अशी अपेक्षा धरायची, याला काही आधार नाही.

शब्द कळले तरी वाक्य कळेलच असं नाही. मराठी वाक्य वाचकाला खुणा देत चालतं. ‘जरी’ आला की ‘तरी’ येणार, ‘ज्या’ आला की ‘त्या’ येणार, हे आपल्या कानाला माहीत असतं. इंग्रजीत यातली दुसरी खूण बहुतेक वेळा नसतेच. ‘ऑल्दो द मॉन्सून वॉज गुड, फार्म इन्कम्स फेल’ या वाक्यात ‘तरी’साठी शब्द नाही. आहे फक्त एक स्वल्पविराम. मुलं तिथे दोन स्वतंत्र वाक्यं वाचतात, पाऊस चांगला झाला आणि उत्पन्न घटलं, आणि दोहोंतला विरोध हरवतो. ‘द लोन्स गिव्हन टू फार्मर्स इन द ड्राउट इयर वेअर वेव्ड’ हे वाक्य आलं की ‘गिव्हन’पाशी ‘कर्ज दिलं’ म्हणून ती थांबतात. पुढे दुसरं क्रियापद भेटलं की त्याचं काय करायचं ते सुचत नाही. ‘शेतकऱ्यांना दिलेली कर्जं’ असं नामाच्या आधी सगळं सांगून मोकळं होण्याची आपली पद्धत, इंग्रजी मात्र ते नामाच्या मागे जोडतं.

आणखी एक अडचण पुस्तकी इंग्रजीची खास आहे. सांगली जिल्ह्यातला कुणीही सांगेल की ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं तसं लोकांचं पोटासाठी बाहेर जाणं कमी झालं. पुस्तक हेच कसं लिहितं? ‘द एक्सपान्शन ऑफ इरिगेशन लेड टू अ डिक्लाइन इन मायग्रेशन.’ माणसं गेली, पाणी गेलं, सगळ्या क्रियांची नामं झाली. अशा वाक्याची गाठ कशी सोडवायची, म्हणजे कोण, काय करतं, कशामुळे, हे पुन्हा कसं उभं करायचं, हे शिकवता येतं. एका तासात पाच-सहा वाक्यं मुलांकडून सोडवून घेतली की पुढच्या आठवड्यात ती आपणहून सोडवू लागतात. मी हे वर्गात बघते आहे. व्याकरणाच्या तासाला आपण कर्तरीचं कर्मणी करायला लावतो. त्या वेळात ही उकल शिकवली तर मुलांच्या ती जन्मभर उपयोगी पडेल.

वाचलेलं समजण्यात आधीच्या माहितीचा वाटा किती मोठा असतो, यावर अमेरिकेत 1988 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बेसबॉलवरचा उतारा शाळकरी मुलांना दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याला यातून शिकण्यासारखं खूप आहे, कारण आपल्या मुलांकडे माहितीची श्रीमंती आहे. पाटण तालुक्यातल्या मुलाने भूकंपाचे धक्के अनुभवलेले असतात, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या आठवणी आजीकडून ऐकलेल्या असतात. कोयनेचा तो भूकंप धरणाच्या जलाशयामुळे झाला का, यावर जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी लिहिलं आहे. त्या प्रश्नाचा माग काढण्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आणि या कामासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. या विषयावरची दोन पानं पाटणच्या मुलाच्या हातात ठेवा. 2005 आणि 2019 चे कृष्णेचे महापूर ज्या सांगलीकर मुलीने घराच्या जिन्यावर पाणी चढताना पाहिले किंवा घरच्यांकडून ऐकले, तिला धरणातून सोडायच्या पाण्याच्या नियमनावरचं पान द्या. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठारावरचं लेखन बी.एस्सी.च्या वर्गाला द्या. द्राक्ष बागायतदाराच्या मुलाला औषधाच्या डब्यावरचं लेबल द्या, कारण काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची हे त्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते नीट वाचलं गेलं नाही तर निर्यातीचा माल औषधाच्या अंशामुळे नाकारला जातो. इथे विषय ओळखीचा आहे, फक्त भाषा नवी आहे. मधल्या पायरीवरच्या वाचकाला असाच मजकूर चढण चढवतो.

मराठीचं काय करायचं, हा प्रश्न दर चर्चासत्रात येतो आणि दोन टोकांची उत्तरं घेऊन परत जातो. मला वाटतं, मराठीची जागा वाचनानंतर आणि वाचनाआधी आहे, वाचनाऐवजी नाही. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे काम सातारा जिल्ह्याचं वैभव आहे आणि त्यातल्या नोंदी आज इंटरनेटवर मोफत वाचता येतात. भूकंपावरची नोंद मुलांनी आदल्या दिवशी मराठीत वाचून यावी, दुसऱ्या दिवशी त्याच विषयावरचं इंग्रजी पान वर्गात निमूटपणे वाचावं, आणि मग शेजाऱ्याला मराठीत सांगावं की लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता आणि पुरावा कोणता. मराठीत सांगताना समजलं आहे की नाही ते लगेच उघडं पडतं. शिवाय जे मूल मराठी अग्रलेखातला मुद्दा पकडू शकतं, त्याच्याकडे वाचनाची निम्मी तयारी आधीच असते. ती तयारी इंग्रजीकडे वळवायची, एवढंच आपलं काम उरतं.

आता सरावाचा हिशेब. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं निव्वळ मूक वाचनाला दिली तर तीस तासांची तीनशे मिनिटं होतात. मूल मिनिटाला शंभर शब्द एवढ्या संथ गतीने वाचत असलं तरी सत्रात तीस हजार शब्द होतात, म्हणजे शंभर पानं. आज हा आकडा शून्याजवळ आहे. ही दहा मिनिटं मुलांच्या कुवतीपेक्षा जरा सोप्या मजकुराची असावीत, त्यावर प्रश्न विचारू नयेत, कुणाला मोठ्याने वाचायला उभं करू नये. शंभर मुलांच्या वर्गातही हे जमतं. किंबहुना मोठ्या वर्गात एकाच वेळी प्रत्येकाकडून काही करून घेता येईल अशी याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. फिजीच्या ग्रामीण शाळांत 1980 च्या सुमारास इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तकं मुलांच्या हाती दिली गेली. एली आणि मांगुभाई या संशोधकांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट वेगाने ती मुलं वाचनात पुढे गेली. शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिक्षकांना तयार करणारे मायकल वेस्ट हेच सांगत होते: इथल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची सर्वांत मोठी गरज वाचण्यासाठी आहे, तेव्हा त्याला मूक वाचन शिकवा आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली पुस्तकं द्या. ग्रंथालयांत अशी श्रेणीबद्ध छोटी पुस्तकं घ्यायला फार पैसे लागत नाहीत. दरवर्षी गाइडच्या प्रतींवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग तिकडे वळवला तरी भागेल.

मोबाइलचा उल्लेख केल्यावाचून आज हे पत्र पुरं होणार नाही. पानाचा फोटो काढला की मराठी भाषांतर समोर येतं, आणि आता तर दोन ओळींत सारांशही मिळतो. मुलांनी ते वापरू नये असा फतवा मी काढणार नाही. पण त्याचा क्रम ठरवायला हवा. आधी स्वतः वाचून एका वाक्यात मुद्दा लिहायचा, नंतर मोबाइलकडून पडताळून घ्यायचं, आणि फरक निघाला तर पानावर परत जाऊन कोण चुकलं ते शोधायचं. यंत्राची चूक पकडण्याचा आनंद मुलांना फार होतो. ती पकडण्यासाठी मूळ पान बारकाईने वाचावं लागतं.

इतर विषयांच्या सहकाऱ्यांनाही इथेच विनंती करते. इतिहासाच्या, रसायनशास्त्राच्या, वाणिज्याच्या शिक्षकाने दर पंधरवड्याला आपल्या पुस्तकातलं एक पान इंग्रजी विभागाला द्यावं. कुठलं पान महत्त्वाचं हे तेच सांगू शकतात. ते कसं वाचायचं हे आम्ही शिकवू: आधी शीर्षक आणि उपशीर्षकं, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, मग तक्ता किंवा आकृती, आणि त्यानंतर सगळं पान. वाचता वाचता समासात कारणासमोर एक खूण, परिणामासमोर दुसरी, लेखक दुसऱ्याचं मत सांगत असेल तिथे तिसरी. ‘हाऊएव्हर’ला गोल करायचा, कारण लेखकाला जे खरं म्हणायचं असतं ते बहुधा त्याच्या पुढे असतं. खुणांनी भरलेलं असं पान हेच मुलांचे नोट्स. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून आपण सगळे वाचत आलो. कमवा आणि शिका योजनेत पहाटे उठून काम करणारी मुलं अभ्यासाच्या वेळी मात्र दुसऱ्याने काढलेल्या उत्तरांवर विसंबून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं शेवटी प्रश्नपत्रिकेशी येऊन थांबतं. परीक्षेत येतं तेच वर्गात शिकवलं जातं, त्यात शिक्षकाचा दोष नाही. म्हणून मंडळाला माझी मागणी स्पष्ट आहे. पहिल्या सत्राच्या पेपरमध्ये वीस गुण पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला द्या. तो उतारा त्या त्या शाखेच्या विषयातला असावा. शब्दकोश जवळ ठेवायला परवानगी असावी, कारण खऱ्या आयुष्यात वाचताना तो कुणी काढून घेत नाही. प्रश्न असे असावेत: या परिच्छेदाचा मुद्दा पुढील चारपैकी कुठल्या वाक्यात आला आहे? यातलं कुठलं विधान लेखकाने केलेलं नाही? दुसरा परिच्छेद पहिल्याला दुजोरा देतो की विरोध करतो? ‘धिस प्रोसेस’ म्हणजे कुठली प्रक्रिया? यांची उत्तरं उताऱ्यातून उचलता येत नाहीत आणि पर्यायी स्वरूपात दिले तर तपासायलाही वेळ लागत नाही. निकाल घसरेल अशी भीती व्यक्त होईल. पहिल्या वर्षी थोडा घसरेलही. पण वीस गुणांनी कुणाचं वर्ष जाणार नाही, आणि वर्गात काय शिकवायचं ते मात्र बदलेल.

माझ्या वर्गासाठी मी कोयनेवर, महापुरावर, बेदाण्याच्या बाजारावर आणि उपसा सिंचनावर अशी पानं सोप्याकडून अवघडाकडे लावून ठेवली आहेत. प्रत्येकासोबत वरच्या धर्तीचे प्रश्न आहेत. मंडळाने मागितली तर नमुना म्हणून पाठवीन. सहकाऱ्यांपैकी ज्यांना हवी असतील त्यांनी त्यांची झेरॉक्स करून घ्यावी आणि आपल्या भागातली पानं त्यात घालावीत. माण-खटावच्या दुष्काळावर, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर, सांगलीच्या हळदीवर माझ्याकडे अजून काही नाही. मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाचे पेपर ठरण्याआधी त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका
ता. तासगाव, जि. सांगली